महामार्गावरचा शेजारी

येशूच्या दाखल्यात यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवरच्या जखमीला याजक आणि लेवी टाळून गेले. थांबला तो परका शोमरोनी. तशीच वाट, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आपल्या वसई तालुक्यातून जाते. अपघात दिसला तरी ‘पोलिसांचं लचांड नको’ म्हणत गाड्या पुढे निघतात. ती भीती पूर्वी अगदीच खोटी नव्हती. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलं. कुणी म्हणेल, जखमी सोंगाड्या निघाला तर? मग सावध राहा, पण रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन तरी करा. शोमरोनीसुद्धा जखमीला उतारशाळेत पोहोचवून, तिथले पैसे देऊन आपल्या कामाला गेलाच की! मिस्सा न चुकवणाऱ्यांनी तरी आता कायद्याचं निमित्त पुढे करू नये.