उद्याची तजवीज आणि अपरिग्रह

उद्यासाठी किती राखावे, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्राने व्यक्तीपुरता फार पूर्वीच सोडविला आहे. मनूने चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणाच्या चार पायऱ्या सांगितल्या: कोठारभर धान्य साठविणारा, रांजणभर साठविणारा, तीन दिवसांपुरते ठेवणारा आणि ज्याच्या घरात उद्याचा दाणाही नाही असा अश्वस्तनिक, आणि या चौघांत पुढचा पुढचा श्रेष्ठ असा निर्वाळा देऊन, ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला सर्वांच्या वर नेऊन बसविले. जैन श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत आणि १९५० साली पवनारला विनोबांनी आरंभिलेला कांचनमुक्तीचा प्रयोग, ही याच वाटेवरची ठिकाणे होत. मात्र हे सारे सांगताना एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की उद्या उपाशी राहण्याची पाळी आलीच, तर ती ज्याने साठविले नाही त्याच्यावरच येईल.

हे गृहीतक कसे उलटते ते पाहायचे असेल तर धानाची कापणी आटोपून खरेदीच्या नोंदणीचे दिवस आले म्हणजे चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या सेवा केंद्राच्या ओट्यावर घटकाभर बसावे. सातबारा, पासबुक आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सकाळच्या पहिल्या गाडीने आलेला म्हातारा, मातीने झिजलेला अंगठा यंत्रावर तिसऱ्यांदा टेकवितो. पडद्यावर एक वाटोळे चक्र फिरत राहते. आणि चालक पोरगा मान वर न करता म्हणतो, ‘सर्व्हर डाऊन आहे मामाजी, दुपारून या.’ शिल्लक नव्हती ती यंत्र बसविणाऱ्यापाशी. उपास घडला तो रांगेतल्याला. साधूचे व्रत दप्तराने घ्यावे आणि त्याचा उपास रयतेने करावा, असा हा प्रकार आहे, आणि त्याला काटकसर म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

यंत्राची क्षमता ठरविणारा काही निर्बुद्ध नसतो. मागील वर्षांच्या नोंदी, कामाच्या वाढीचा वेग, यंत्राचे आयुष्य, हे सर्व तो पाहतो. परंतु त्याच्यापुढे वार्षिक सरासरी ठेवलेली असते, आणि धानाच्या मुलुखात काम वर्षभर सारखे वाटून येतच नाही. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला जादा गाड्या सोडताना वर्षभराच्या उतारूंची सरासरी कोणी काढीत नाही, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. त्यातून रांगेचा स्वभावही मोठा विलक्षण आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील अग्नेर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली ज्या विचाराचा पाया घातला, त्यातून निघालेला साधा हिशेब असा, की येणारे वाटेल तेव्हा येत असतील आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही अनियमित असेल, तर एकच यंत्र निम्मे गुंतलेले असताना माणसाला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो, शंभरांत ऐंशी भाग गुंतले की पाचपट, आणि नव्वद भाग गुंतले की दहापट. यंत्र पुरते कामाला जुंपल्याचा जो अभिमान लेखापरीक्षकाला वाटतो, त्याची किंमत अशा रीतीने ओट्यावर बसलेल्यांच्या दिवसांनी चुकती होते.

कौटिल्याला हे गणित अवगत असण्याचा संभव नाही, पण कोष्ठागाराच्या अध्यक्षाला त्याने जो नियम घालून दिला तो नेमका निम्म्याचाच आहे: आलेल्या मालातील अर्धा भाग जनपदावरील आपत्तीसाठी राखावा, अर्धा वापरावा, आणि जुन्याच्या जागी नवा भरीत जावा. अश्वस्तनिकाची थोरवी आणि हा अर्धा भाग यांत मला विरोध दिसत नाही. आपल्या भोगासाठी ठेवलेला साठा तो परिग्रह. जो केव्हा येईल हे ठाऊक नाही अशा परक्यासाठी मोकळी ठेवलेली जागा ही पंचमहायज्ञांतील अतिथिपूजनाच्या जातीची आहे.

चांदा-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात गोंड राजांच्या काळापासून बांधले गेलेले, आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले तलाव पाहिले तर याहून पुढची एक समज दिसते. तेथे पाणी अडविणारी पाळ आहे, बांध्यांत पाणी सोडणारे तुडुम आहे, आणि पाळीहून मुद्दाम खाली ठेवलेला सांडवाही आहे. म्हणजे आपला अंदाज एखाद्या वर्षी चुकणार ही कबुली बांधणाराने बांधकामातच देऊन ठेवली, आणि चुकलेल्या अंदाजाने पाळ फोडू नये, त्याने ठरल्या वाटेने जावे, अशी व्यवस्था केली. सर्व्हरलाही सांडवा असू शकतो: भार पेलेनासा झाला तर तातडीच्या कामास आधी वाट द्यावी, उरलेल्यांना चिठ्ठी देऊन वेळ नेमून द्यावी, आणि यंत्र बंद पडले म्हणून नोंदणीची मुदत आपोआप वाढावी. यांतल्या शेवटच्या गोष्टीला तर नवे यंत्रही लागत नाही, एक हुकूम पुरे.

अर्थात राखीव जागाही फुकट येत नाही. रिकामे यंत्रसुद्धा वीज खाते, आणि चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख कोणाच्या अंगणात पडते हे या भागात कोणाला सांगावयास नको. म्हणून भविष्याच्या नावाने अमर्याद साठा करणारी कंपनीही माझ्या मते दोषमुक्त ठरत नाही. ज्यांचे गर्दीचे दिवस निरनिराळे आहेत अशा खात्यांनी एकच राखीव क्षमता वाटून घ्यावी, ही आज सहज साध्य असलेली युक्ती परिमाण-व्रताच्या अधिक जवळची आहे. तेवढ्यासाठी धानाचे दिवस कोणते आणि यात्रेचे कोणते, हे अंदाजपत्रक करणाऱ्याने चामोर्शीला येऊन एकदा विचारून जावे. गाडी सकाळी आहे.