अस्सलबरहुकूम

गेल्या वैशाखात माझ्या भाच्याने नेवासे, भंडारदरा आणि हरिश्चंद्रगड येथे स्वतः टिपलेल्या चाळीस छायाचित्रांचे एक घरगुती संकेतस्थळ उभारले आणि त्याचा पत्ता अकोले तालुक्यातील डोंगरकुशीच्या गावी राहणाऱ्या आपल्या थोरल्या मावशीस मोठ्या हौसेने कळविला. पुढे पंधरवड्याने मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ओसरीच्या ज्या एकाच कोपऱ्यात रेंज येते तेथे ती मोबाइल धरून बसली होती. नेवाशाच्या पैसाच्या खांबाचे चित्र पडद्यावर वरून खाली पट्टीपट्टीने उतरत होते, आणि छत, मग खांबाचा माथा, मग हाराचा थोडासा झेंडू, एवढे दाखवून ते थबकले. “देवळात बारीला उभं राहिलं तर कधीतरी पुढं सरकतं रे,” ती म्हणाली.

हिशेब सरळ होता. एकेक चित्र दोन कोटी चाळीस लाख बिंदूंचे, वजन सुमारे नऊ एमबी. म्हणजे चाळिसांचे मिळून ३६० एमबी, आणि सेकंदाला दोन मेगाबिट या तेथील वेगाने ते उतरावयास चोवीस मिनिटे. उलट तिच्या मोबाइलचा पडदाच मुळी ७२० बाय १६०० बिंदूंचा, साडेअकरा लाखांचा. म्हणजे इतक्या सायासाने डोंगरावर चढविलेल्या मालापैकी एकविसांतले वीस हिस्से ते यंत्र दाराशीच टाकून देत होते. हे भाच्यास सांगितले, तर तो म्हणाला, “मामा, लहान केला की तो मूळचा फोटो राहत नाही.”

त्याच्या या उत्तराने मी निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. कारण प्रश्न यंत्राचा राहिला नव्हता. प्रतिबिंब हे बिंबच की बिंबाहून वेगळे, यावर आमच्या वेदान्त्यांनी शतकानुशतके वाद घातला आहे: विवरणकारांच्या परंपरेत प्रतिबिंब हे बिंबाहून अन्य नव्हे, आरशातला चंद्र हा चंद्रच, फक्त स्थान भिन्न भासते, तर आभासवाद्यांच्या मते तो चंद्र निखालस मिथ्या. भाचा स्वतःच्या नकळत आभासवादी होता, आणि मूळ सोडून जे जे ते ते खोटे, या धास्तीपोटी सगळे मूळच मावशीच्या पदरात ओतू पाहत होता.

मावशीच्याच जिल्ह्यातल्या शिर्डीची एक गोष्ट येथे आठवते. साईसच्चरिताच्या ३३ व्या अध्यायात बाळाबुवा सुतार या मुंबईच्या भजनी साधुपुरुषाची कथा आहे; ते १९१७ साली प्रथमच शिर्डीस आले, तर साईबाबा म्हणाले की यांना मी चार वर्षांपासून ओळखतो. बुवा चकित झाले, आणि मग त्यांना स्मरले की चार वर्षांपूर्वी मुंबईत त्यांनी बाबांच्या तसबिरीस नमस्कार केला होता. ती भेट बाबांच्या खाती रुजू झाली होती, आणि तसबिरीची लांबीरुंदी कोणी विचारली नव्हती.

पण म्हणून हवे तेवढे छाटावे काय? चित्र आटविण्याची जी जेपेग नावाची रीत १९९२ पासून प्रमाण मानली जाते, तिच्या मुळाशी बेंगळुरूस जन्मलेल्या नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केलेले गणित आहे. ती रीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि ज्या सूक्ष्म चढउतारांना डोळा दाद देत नाही ते वगळते. त्यातही रंगाचा तपशील अधिक सढळ हाताने, कारण आपला डोळा उजेडाच्या बाबतीत चोखंदळ आणि रंगाच्या बाबतीत गाफील आहे. पाहणाऱ्याचा अधिकार ओळखून देण्याची ही तऱ्हा मला तरी अधार्मिक वाटत नाही. मात्र एकदा वगळलेले परत येत नाही, आणि नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी नक्कल असे चालले की चित्र दर खेपेस गढूळ होत जाते.

ज्ञानेश्वरीचे काय झाले? शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाच्या त्याच पैसाच्या खांबाशी टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. ते लेखन आज आपल्या हाती नाही. तीनशे वर्षांत नकलांवरून नकला होऊन पाठ इतका बिघडला की शके १५०६ मध्ये एकनाथांना अनेक पोथ्या ताडून तो शुद्ध करावा लागला. आपण पारायणास बसतो ते नकलेसमोरच. (सहज मांडून पाहिले, तर त्या नऊ हजार ओव्या निव्वळ अक्षररूपाने दीड-दोन एमबींत मावतात, भाच्याचे खांबाचे एक चित्र त्याच्या साडेचार ते सहा पट भरत होते.)

जुन्या कारभारात याला सरळ वहिवाट होती: अस्सल दप्तरी राहील, मागणाऱ्यास अस्सलबरहुकूम नक्कल मिळेल. सातबाराचा उतारा मागावयास गेलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर तलाठी गावचे सबंध बाड देत नसे, आणि उतारा दिला म्हणून बाड फाडूनही टाकत नसे. मला ही वहिवाट त्या दोन्ही वेदान्त्यांहून शहाणी वाटते.

भाच्याने अखेर एका रविवारी बसून, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रती बाजूस सारून, थेट मूळ चित्रांवरून दोन हजार बिंदू रुंदीच्या नव्या प्रती काढल्या. एकेक साडेतीनशे केबींची, चाळीस मिळून चौदा एमबी. आषाढात आम्ही दोघे मावशीकडे गेलो. खांब झटक्यात समोर आला. तिने दोन बोटांनी चित्र ताणले, खांबावरच्या शिलालेखापर्यंत आणले, आणि कपाळाला आठी घातली.

“अक्षरं फुटतायत रे. चांगला कुठंय?”

“घरी आहे मावशी, हार्ड डिस्कवर.”

“मग दिवाळीला येताना घेऊन ये,” ती म्हणाली, आणि त्या फुटक्या अक्षरांना हात लावून तो तिने कपाळी टेकविला.