हौशी खेळ आणि निष्कामता

अमेरिकेतील न्यूपोर्ट कॅसिनो या क्लबच्या हिरवळीवर 1881 ते 1914 पर्यंत राष्ट्रीय टेनिस स्पर्धेतील पुरुष एकेरीचे सामने झाले. 1915 मध्ये ती स्पर्धा न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सला गेली, तेव्हा न्यूपोर्टने हौशी खेळाडूंसाठी निमंत्रितांची स्पर्धा सुरू केली. बिल टिल्डनसारखे दिग्गज तिथे खेळले. 1967 नंतर ती बंद पडली. 1968 मध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेद ओलांडणाऱ्या खुल्या स्पर्धांचे युग सुरू झाले होते.

या स्पर्धेमागे एक नैतिक धारणा होती: मोबदला घेतला की खेळाचे पावित्र्य जाते. तिच्यात तथ्य आहे. तत्त्वज्ञ अ‍ॅलस्डेर मॅकिन्टायर कोणत्याही साधनेतील मूल्यांचे दोन प्रकार मानतो. कौशल्य व उत्कृष्टता ही त्या साधनेतूनच मिळणारी आंतरिक मूल्ये. पैसा व कीर्ती ही बाह्य. बाह्य लाभच ध्येय झाला, तर साधना पोखरली जाते.

मात्र विनामोबदला खेळणे ज्यांच्या घरी सुबत्ता होती त्यांनाच सहज परवडे. कष्टकऱ्याला ते दार बंदच होते. शिवाय खर्चाच्या नावाखाली हौशी खेळाडूंना गुपचूप पैसे दिले जात. नियम पाळल्याचा देखावा उरला, निर्लोभता उरली नाही.

गीतेतील कर्मयोग येथे मोलाचा भेद दाखवतो. त्याग फळाच्या आसक्तीचा करायचा असतो; उपजीविका सोडणे त्यासाठी आवश्यक नाही. म्हणून वेतन घेणारा खेळाडूही निष्काम असू शकतो आणि वेतन नाकारणारा कीर्तीचा दास असू शकतो. शुद्धतेची कसोटी वृत्तीत आहे. हौशीपणाच्या नियमाने ती बाह्य व्यवहारात शोधली, हीच त्याची मर्यादा होती.