अवयव, अवयवी आणि मॅनिफोल्ड

फोर्डच्या १९६५ साली आलेल्या, ३०० घनइंची, सहा सिलिंडर एका ओळीत असलेल्या कार्बुरेटरच्या ट्रक-इंजिनावर पुढच्या इंधन-इंजेक्शन आवृत्तीतील दोन तुकड्यांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून पुढे नेणारी बिडाची नळी, बसवली, तर इंजिन तेच राहते काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांना परका नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात बौद्ध भिक्षू नागसेन दाखवतो की चाके, आस, जू यांपैकी कशातही रथ सापडत नाही, रथ हे व्यवहारापुरते नाव होय. उलट वैशेषिक दर्शनाचे अनुयायी अवयवांहून भिन्न असा अवयवी, म्हणजे अवयवांतून बनलेला अखंड पदार्थ, मानतात आणि अवयवांचा संयोग तुटताच जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो असे सांगतात, जे प्रथमदर्शनी टोकाचे वाटते.

जुन्या रचनेत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरांत नेणाऱ्या नळीला, बोल्टने जखडलेला असतो आणि त्याच्या धगीने पेट्रोलच्या थेंबांची वाफ होते. नव्या रचनेत पुढच्या आणि मागच्या तीन-तीन सिलिंडरांचे मार्ग वेगळे होतात, त्यामुळे १-५-३-६-२-४ या प्रज्वलनक्रमात लागोपाठचे झोत एकमेकांना अडवत नाहीत. परंतु ती धगही जाते, थंड दमट हवेत कार्बुरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, आणि मग इनटेकखाली रेडिएटरचे गरम पाणी खेळवावे लागते. सुटा भाग बदलला तो एकच, पण तुटला तो संयोग, आणि त्यापायी न बदललेल्या भागांचेही काम पालटले (नागसेनाच्या रथाला असली धग नव्हती). या एका बाबतीत वैशेषिकांची बाजू अधिक सबळ ठरते.