राहिलेल्या चार ट्रायल

फेब्रुवारी आला की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला दुसऱ्या रिव्ह्यूचे वेध लागतात. सेमिनार हॉलबाहेर इस्त्रीचे शर्ट घातलेली मुलं पेनड्राइव्ह मुठीत धरून उभी असतात. कोणी कोणाकडून बेल्ट मागून आणलेला असतो, कोणी पहिलं वाक्य पुटपुटत असतो. आत आम्ही तिघे बसतो, गाइड आणि विभागातले दोन सहकारी. एका ग्रुपला पंधरा मिनिटं.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका रिव्ह्यूत माझ्याकडचा ग्रुप भुईमुगाच्या शेंगा फोडण्याच्या यंत्राचा होता. तीन मुलं, एक मुलगी. प्रेझेंटेशन सुरेख झालं. थ्री-डी मॉडेल गोल फिरून दिसलं, गँट चार्टवरच्या पट्ट्या जवळजवळ सगळ्या हिरव्या होत्या आणि शेवटच्या स्लाइडवर ठळक आकडा होता: कार्यक्षमता ९२ टक्के. सहकाऱ्यांनी मान डोलावली. मीही खूश झालो. काम किती झालं, असं विचारल्यावर ग्रुपलीडर म्हणाला, "ऐंशी टक्के झालंय सर, पेंटिंग आणि रिपोर्ट राहिलाय."

दुपारी ती मुलगी एकटीच केबिनमध्ये आली. तिच्या हातात प्रोजेक्ट डायरी होती, पानांना ग्रीसचे डाग पडलेले. एक पान उघडून तिनं माझ्यासमोर ठेवलं. पेन्सिलीनं लिहिलेले पाच आकडे होते: ९२, ७१, ६६, ७४, ६९. शंभर शेंगांमागे किती शेंगांतले दाणे अख्खे निघाले, त्याची ती मोजणी होती. पाच ट्रायल झाल्या होत्या आणि स्लाइडवर पहिली आली होती. "सर, पहिल्या ट्रायलला मी घरून आणलेल्या शेंगा होत्या," ती म्हणाली. "आजीनं निवडून दिलेल्या. सगळ्या टपोऱ्या. बाकीच्या बाजारातनं आणल्या."

त्या पानावर आख्खा प्रोजेक्ट होता. फिरता ड्रम आणि खालची अर्धगोल जाळी यांच्यामधली फट त्यांनी टपोऱ्या शेंगेच्या मापानं ठेवली होती. बाजारातल्या पोत्यात लहानमोठी सगळी भेसळ असते. बारकी शेंग त्या फटीतून न फुटताच खाली पडायची. शेंग ओलसर असेल तर टरफल तडकण्याऐवजी चेपायचं आणि दाण्याला चीर जायची. तेलाच्या घाण्याला चिरलेला दाणा चालतो. पेरणीसाठी मात्र शेतकऱ्याला लाल साल शाबूत असलेला अख्खा दाणा लागतो, म्हणून तर आजही बियाण्याच्या शेंगा बायका हातानं फोडत बसतात. यंत्र नेमकं कोणासाठी करायचं, फट किती ठेवायची, आधी शेंगा चाळून घ्यायच्या का, असे सगळे प्रश्न त्या चार वाईट आकड्यांतून उभे राहत होते. ९२ मधून एकही प्रश्न निघत नव्हता.

मी तिला विचारलं, हे सकाळी का सांगितलं नाही? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मागच्या रिव्ह्यूला बेअरिंग गरम होतंय म्हणून सांगितलं, तेव्हा मार्क कमी झाले सर."

ते खरं होतं. ते मार्क मीच दिले होते.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हा विषय आहे. प्रोजेक्ट कसा करावा याबद्दल आपल्याकडे बरंच बोललं जातं. चालू असलेल्या कामाचा अहवाल कसा द्यावा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कसा ऐकावा, याकडे मात्र कोणी पाहत नाही. तो एक सोपस्कार समजला जातो. माझं म्हणणं असं आहे की इंजिनिअर घडतो किंवा बिघडतो तो बराचसा त्या पंधरा मिनिटांत. आपल्या कामात काय जमलेलं नाही हे चार लोकांसमोर उभं राहून नीट सांगता येणं हे या विद्येतलं मोठं कसब आहे, आणि आमच्या रिव्ह्यूंतून आम्ही नेमकं ते लपवायला शिकवतो.

मुळात 'काम किती टक्के झालं?' हा प्रश्नच खोटं बोलायला लावणारा आहे. भिंत बांधताना तो ठीक आहे, विटा मोजता येतात. डिझाइनमध्ये काय मोजणार? जे यंत्र अजून कोणी केलेलं नाही त्याचे शंभर टक्के कुठे संपतात हे कोणालाच ठाऊक नसतं. मग मुलं सोयीचं माप शोधतात. फ्रेम वेल्ड झाली, शाफ्ट लेथवर निघाला, मोटर बसली, म्हणजे ऐंशी टक्के. पण शेंग फुटते की चेपते हे कळेपर्यंत डिझाइनच्या दृष्टीनं काम सुरूच झालेलं नसतं. पाचव्या ट्रायलनंतर ते यंत्र ऐंशीवरून चाळिसावर आलं असं कोणी म्हणेल. मी म्हणेन, त्या आठवड्यात त्या ग्रुपची वर्षभरातली सगळ्यात मोठी प्रगती झाली होती. गँट चार्टवर तिला रंग नव्हता, इतकंच.

यात भाषेचाही भाग आहे. हा अनुभव मला दरवर्षी येतो. स्लाइडवर लिहिलेलं असतं, 'सॅटिस्फॅक्टरी रिझल्ट्स वेअर ऑब्टेन्ड.' कोणाला मिळाले, केव्हा, किती वेळा करून पाहिल्यावर, याचा पत्ता नाही. कर्मणी प्रयोगाच्या त्या वाक्यात करणारा माणूसच गायब असतो. मुलगा ते पाठ केल्यासारखं म्हणतो आणि नजर चुकवतो. त्याच मुलाला मराठीत विचारावं, "काय रे, नक्की काय होतंय?" की तो खुलतो. "सर, दाणे फुटतायत. आम्ही फट वाढवून बघितली, पण मग बारक्या शेंगा तशाच खाली येतात." या दोन वाक्यांत निरीक्षण आहे, प्रयोग आहे आणि पुढची अडचणही आहे. इंग्रजीशी माझं भांडण नाही. मुलांना पुढे इंग्रजीत काम करायचं आहे आणि ते त्यांना यायलाच हवं. पण जी गोष्ट आपल्या भाषेत स्वच्छ सांगता येत नाही ती परक्या भाषेत फक्त झाकता येते. म्हणून आता मी सांगतो, आधी एकमेकांना मराठीत सांगा, हिंदीत सांगा, आणि मग स्लाइड करा.

स्लाइडमध्ये काय झाकलं जाऊ शकतं याचं एक उदाहरण जगाच्या नोंदीत कायमचं राहिलं आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान उडालं. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना इंजिनिअरांनी त्या धडकेचा अभ्यास केला आणि निष्कर्ष स्लाइडवर मांडून वरिष्ठांना दाखवले. त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. तिच्या शीर्षकावरून वाचणाऱ्याचा समज व्हावा की चाचण्यांचे निकाल सुरक्षित बाजूला आहेत. सगळ्यात तळाशी, बारक्या टाइपात, खरी गोष्ट होती: चाचण्या ज्या फोमवर झाल्या त्याचं आकारमान होतं ३ घन इंच, आणि आदळलेल्या तुकड्याचा अंदाज होता १९२० घन इंच. म्हणजे ६४० पट. मुठीत मावणाऱ्या तुकड्याचा अनुभव घेऊन भल्यामोठ्या घागरीएवढ्या तुकड्याबद्दल बोललं जात होतं. १ फेब्रुवारीला पृथ्वीच्या वातावरणात परतताना यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्यांत कर्नालची कल्पना चावला होती.

चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्ट २००३ मध्ये आला. मंडळानं त्या स्लाइडची चिरफाड केली. ती वाचून एखाद्या वरिष्ठाला हा जिवावरचा प्रश्न आहे हे कळलं नसेल तर त्यात नवल नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. तपशीलवार तांत्रिक लेखनाऐवजी पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर विसंबण्याची सवय यान चालवणाऱ्या संस्थेत मुरली आहे, असंही त्यांनी नोंदवलं. अपघाताची कारणं अनेक होती आणि सगळा दोष एका स्लाइडच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण मला त्यातली एक गोष्ट सोडत नाही. तो आकडा लपवलेला नव्हता. तो स्लाइडवर होता. फक्त अशा जागी होता की ऐकणाऱ्याच्या मनापर्यंत पोचू नये.

आजीच्या टपोऱ्या शेंगा आणि ३ घन इंचांचा फोम ही एकाच जातीची गोष्ट आहे. ज्यावर चाचणी घेतली ते, आणि ज्याच्याशी खरी गाठ पडणार आहे ते, यांच्यातलं अंतर. अहवाल देणाऱ्याचं पहिलं काम ते अंतर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत मांडणं हे आहे. एकविसाव्या वर्षी शेंगांच्या बाबतीत ही सवय लागली नाही, तर चाळिसाव्या वर्षी पुलाच्या किंवा बॉयलरच्या बाबतीत ती अचानक कुठून येणार?

२०१४ साली भारत इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्यासाठी इंजिनिअरच्या अंगी कोणते गुण असावेत याची बारा कलमांची यादी आमच्याकडे आली. तिच्यात नीतिमत्ता वेगळी, संवादकौशल्य वेगळं आणि प्रकल्प व्यवस्थापन वेगळं. फाइलमध्ये आम्ही प्रत्येकाला वेगळे मार्क देतो. पण ती मुलगी केबिनमध्ये डायरी घेऊन आली तेव्हा ही तिन्ही कलमं एकाच पानावर होती. पाच आकडे दाखवायचे ही नीतिमत्ता, कोणत्या क्रमानं दाखवायचे हा संवाद, आणि आता फेब्रुवारीत फट बदलायची की मोटर, हे व्यवस्थापन. ती वेगळी काढता येतात असं मला वाटत नाही.

अहवाल पुढच्या माणसासाठी असतो, ही गोष्ट पुण्याच्या सीओईपीच्या 'स्वयम्' उपग्रहाकडे पाहिलं की फार स्पष्ट होते. सुमारे एक किलोचा हा विद्यार्थ्यांनी बनवलेला उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा 'प्रथम' गेला. दोन्हींची कामं कित्येक वर्षं चालली होती. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ते केव्हाच कॉलेज सोडून गेले होते, आणि ज्यांनी शेवटचा स्क्रू आवळला त्यांनी पहिली बैठक पाहिलीही नव्हती. असं काम एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातं ते कशाच्या आधारावर? आधीच्यांनी काय करून पाहिलं, कोणतं सर्किट का सोडून दिलं, कोणत्या चाचणीत काय जळलं, हे जर लिहिलेलं नसेल तर प्रत्येक नवी बॅच तीच चूक पहिल्यापासून करील. फसलेल्या प्रयोगाची नोंद ही तिथे पुढच्यांना दिलेली शिदोरी असते.

आमच्या ब्लॅक बुकांत, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव रिपोर्टांत, ती शिदोरी नसते. सोनेरी अक्षरांची ती जाड पुस्तकं ग्रंथालयात ओळीनं उभी असतात. पहिली तीस पानं आधीच्या संशोधनाचा आढावा, मग सूत्रं, मग फोटो, शेवटी निष्कर्ष. यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा काय झालं हे एकातही सापडत नाही. आणि खरं ज्ञान ज्या डायरीत असतं ती व्हायवा झाली की रद्दीत जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या वर्षानंतर माझ्याकडच्या ग्रुपांसाठी मी थोडे बदल केले. रिव्ह्यूची पहिली स्लाइड मागच्या रिव्ह्यूची असते: तेव्हा आपण काय म्हणालो होतो आणि त्यातलं काय चुकीचं निघालं. सगळ्या ट्रायल दाखवायच्या, एकही गाळायची नाही. टक्के मी विचारत नाही. मी विचारतो, "गेल्या महिन्यात माहीत नव्हतं असं आता काय माहीत झालंय?" पहिल्या वर्षी मुलं गोंधळली, त्यांना हा सापळा वाटला. बेअरिंग गरम होतं असं सांगणाऱ्या ग्रुपला पूर्ण मार्क मिळाल्याचं हॉस्टेलवर पोचलं, तेव्हा कुठे विश्वास बसला. सहकाऱ्यांपैकी सगळ्यांना हे पटलेलं नाही. अर्धवट कामाला मार्क द्यायचे तर पुरं करणाऱ्यावर अन्याय होतो, असं एकजण म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मुलानं अपयशाची कहाणी रंगवावी आणि हातपाय हलवू नयेत हेही मला नको आहे. त्याला एकच उपाय मला सापडला आहे: डायरी बघायची. डायरीत तारीख असते, माप असतं, वेगवेगळ्या पेनांची शाई असते. व्हायवाच्या आदल्या रात्री बसून लिहिलेली डायरी दुरूनही ओळखू येते.

शेंगांच्या त्या ग्रुपनं मार्चमध्ये हॉपरच्या आधी एक हलती चाळण बसवली. बारक्या शेंगा वेगळ्या, टपोऱ्या वेगळ्या, आणि दोन्हींसाठी फट बदलता यावी म्हणून जाळीला दोन्ही बाजूंनी बोल्ट. बाजारातल्या शेंगांवर आकडा ८१ आला. तीन वेळा करून, तिन्ही वेळा ८० च्या आसपास. ओलसर शेंगांचा प्रश्न सुटला नाही. व्हायवाला त्या मुलीनं पहिल्या पाच आणि नंतरच्या तीन अशा आठही ट्रायल एका तक्त्यात मांडल्या. एक्सटर्नल आले होते त्यांनी चष्मा वर करून तक्ता वाचला आणि विचारलं, "हे ९२ कशामुळे?" ती म्हणाली, "आजीमुळे, सर." आणि मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. पंधरा मिनिटांची व्हायवा पाऊण तास चालली.

ती डायरी मी ठेवून घेतली होती. दोन वर्षांनी दुसऱ्या एका ग्रुपनं शेंगांचाच विषय मागितला, तेव्हा ती त्यांना दिली. आठवड्याभरानं ती मुलं परत आली. त्यांनी शेंगा पसरून किती दिवस वाळवल्या तर टरफल नीट तडकतं हे मोजायला सुरुवात केली होती, आणि जुन्या डायरीतल्या शेवटच्या भरलेल्या पानाच्या पुढच्याच कोऱ्या पानावर लिहिलं होतं: ट्रायल क्रमांक ९.