मार्ग कोणी आखावा?

कोणतेही सार्वजनिक कार्य उभे करायचे म्हटले, की पहिला प्रश्न पैशाचा येतो आणि दुसरा त्या पैशाबरोबर येणाऱ्या अटींचा. देणाऱ्याचा मान राखला पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु मान राखणे आणि हाती लगाम देणे यांमधील सीमारेषा नेमकी कोठे आहे, हे सांगणे सोपे नसते. ग्रंथालय, नाट्यसंस्था, गणेशोत्सव, व्याख्यानमाला अशा सर्वच ठिकाणी हा पेच पडतो. वर्गणी आणि देणग्यांवर पिढ्यान्‌पिढ्या संस्था चालवीत आलेल्या आपल्यासारख्या मंडळींना तो परका नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या पेचाचा विचार एका दूरच्या आणि वरवर पाहता केवळ क्रीडाविषयक वाटणाऱ्या उदाहरणाच्या आधारे करणार आहोत. ते उदाहरण म्हणजे युरोपातील टप्प्याटप्प्यांनी होणाऱ्या व्यावसायिक सायकल शर्यती.

हेच उदाहरण निवडण्याचे कारण असे, की या खेळाला मैदान नाही. क्रिकेटच्या वा फुटबॉलच्या सामन्याला कुंपण असते, कुंपणाला दार असते आणि दारावर तिकीट असते. सायकलची शर्यत मात्र सार्वजनिक रस्त्यावरून जाते, आणि शेताच्या बांधावर उभा राहून कोणीही ती फुकट पाहू शकतो. फ्रान्समधील ‘टूर डी फ्रान्स’ या सर्वांत प्रसिद्ध शर्यतीत स्वार सुमारे तीन आठवड्यांत २१ टप्पे आणि ३,३०० ते ३,५०० किलोमीटरचे अंतर पार करतात. इतका मोठा पसारा चालविण्यासाठी लागणारा पैसा प्रेक्षकाकडून येत नाही. तो प्रायोजकांकडून, प्रक्षेपणाच्या हक्कांतून आणि ज्या गावांत टप्पा सुरू होतो किंवा संपतो त्या गावांनी भरलेल्या शुल्कातून उभा राहतो. याचा अर्थ, येथे खेळाचे मैदानच, त्याच्या चढउतारांसह, काही अंशी विक्रीस काढलेले असते. नकाशावर ओढलेली प्रत्येक रेघ हा क्रीडेचा निर्णय असतो तसाच व्यवहाराचाही असतो.

पूर्वी हा खेळ निर्मळ होता आणि पैशाने त्याला पुढे बिघडविले, अशी समजूत करून घेणे सोयीचे असले तरी इतिहास तिला आधार देत नाही. टूरचा जन्मच मुळी एका वृत्तपत्राचा खप वाढविण्यासाठी झाला. ड्रायफस प्रकरणाने फ्रेंच समाज दुभंगलेला असताना ‘ल व्हेलो’ या क्रीडापत्राच्या संपादकाची मते काही कारखानदारांना रुचली नाहीत. त्यांनी आपल्या जाहिराती काढून घेतल्या आणि १९०० मध्ये दुसरे पत्र सुरू करविले. तेच पुढे ‘लोतो’ या नावाने ओळखले गेले. त्याचे संपादक आंरी देग्रांज. खप मनासारखा वाढेना, तेव्हा जेओ लफेव्र या तरुण सहकाऱ्याने देशाला वळसा घालणारी शर्यत सुचविली. १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळून पहिली शर्यत निघाली. सहा टप्प्यांच्या २,४२८ किलोमीटर अंतरात मॉरिस गारां पहिला आला आणि पत्राचा खप दुपटीहून अधिक वाढला. आघाडीवरील स्वाराला १९१९ पासून मिळू लागलेला पिवळा सदरा त्या पत्राच्या पिवळ्या कागदाची आठवण आजही करून देतो.

मार्ग जितका बिकट, तितकी बातमी मोठी, हे सूत्रही त्याच काळातले. १९१० मध्ये ही शर्यत प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच घाटांतून नेण्याचे ठरले. आल्फोन्स स्टाइनेस हे सहकारी आधी पाहणी करण्यास गेले आणि २,११५ मीटर उंचीच्या तुरमाले घाटात बर्फात अडकले. रात्री पायी चालत, धडपडत ते कसेबसे खाली पोहोचले आणि रस्ता उत्तम असून जाण्यायोग्य आहे, अशी तार त्यांनी देग्रांज यांना केली. त्या वर्षी या घाटांतून जाणारा टप्पा ३२६ किलोमीटरचा होता. तो जिंकणाऱ्या ऑक्ताव लापीझने वाटेत आयोजकांना खुनी म्हटले, हे या शर्यतीच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते. तो ती शर्यतही जिंकला. म्हणजे ही हरलेल्याची तक्रार नव्हती. आणि तरीही हे घाट आज टूरचे भूषण मानले जातात. खोट्या तारेतून निघालेला रस्ता पुढे वैभवाचा झाला, तर मूळ खोटेपणाचे काय करावे? फळ गोड निघाले म्हणून पेरणीतला दोष धुतला जातो, असे आम्हांला वाटत नाही. पण त्या दोषापायी फळच नाकारावे, असेही म्हणवत नाही.

आश्रयदाता बदलला म्हणजे पेच सुटतो का, याचे उत्तर १९३० च्या प्रयोगात सापडते. सायकलींचे कारखानदार आपापल्या संघांमार्फत शर्यतीचा निकाल आतून ठरवितात, असा देग्रांज यांचा रोष होता. त्यांनी कारखान्यांचे संघ बंद करून राष्ट्रांचे संघ आणले आणि सर्वांना निर्मात्याचे नाव नसलेल्या पिवळ्या सायकली दिल्या. कारखानदारांचा जाच गेला, पण त्यांचा पैसाही गेला. ती तूट भरून काढण्यासाठी त्याच वर्षी स्वारांच्या पुढे जाहिरातदारांच्या गाड्यांचा ताफा निघाला. एका धन्याच्या हातून सुटलेली शर्यत अनेक धन्यांच्या दारी गेली. पुढे १९६२ मध्ये व्यावसायिक संघही परत आले. यावरून एवढे तरी दिसते, की अशा कार्याला निरपेक्ष आश्रय जवळजवळ मिळत नाही. विचार करायचा तो कोणत्या अपेक्षा मान्य कराव्यात याचा.

गावांनी पैसे भरून मार्ग मागणे हे मुळात अनुचित आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. आल्प्स पर्वतातील आल्प द्युएझ या ठिकाणी टूरचा टप्पा १९५२ मध्ये प्रथम गेला, तो तेथील हॉटेलव्यावसायिकांच्या पुढाकाराने. त्यांना हिवाळ्यातील पाहुणे हवे होते. इटलीचा फाउस्तो कॉप्पी तेथे जिंकला, आणि २१ वळणांचा तो चढ पुढे सायकलविश्वात अत्यंत मानाचा ठरला. येथे देणाऱ्याचे हित आणि खेळाचे हित एका वाटेने चालले. गावाला नाव मिळाले, स्वारांना कस लावणारी जागा मिळाली, आणि प्रेक्षकाचेही काही गेले नाही. असा व्यवहार उघडपणे सांगता येतो; त्यात लपविण्याजोगे काही नाही.

मात्र हेच तत्त्व ताणले गेले, की काय होते ते १२ जुलै १९७८ रोजी दिसले. अधिक गावांना यजमानपद देता यावे म्हणून एका दिवसाचे दोन टप्पे करण्याची रीत त्या काळी होती. स्वारांनी आदल्या दिवशी पिरेनीजमधील कठीण चढ पार केला होता. रात्री उशिरा मुक्कामी पोहोचून ते पहाटे पुन्हा उठले होते. सकाळी तार्ब ते व्हालांस दाजां आणि दुपारी तेथून तुलूझ, असे त्या दिवशीचे दोन तुकडे होते. स्वारांनी सकाळचा टप्पा मुद्दाम संथ गतीने काढला. व्हालांस दाजांत शिरल्यावर ते सायकलींवरून उतरले आणि अंतिम रेषेकडे पायी चालू लागले. पुढच्या रांगेत होता तेवीस वर्षांचा बर्नार ईनो, जो पुढे ती शर्यत जिंकला. तो टप्पा रद्द ठरविण्यात आला.

या प्रसंगात आम्हांला सर्वांत अधिक विचार करायला लावतात ते त्या गावचे लोक. स्वागताची सिद्धता करून ते सकाळपासून रस्त्याकडेला उभे होते. त्यांच्यापुढून स्वार धावत गेले नाहीत, चालत गेले. गावाची चूक कोणती? त्यांनी रीतसर पैसे भरले होते. स्वारांची चूक कोणती? विश्रांती मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. दोन निरपराध पक्ष एकमेकांसमोर उभे ठाकले, आणि ज्यांनी एकच दिवस दोनदा विकला ते मधल्या मध्ये राहिले. आमच्या मते मार्गाच्या व्यवहारातील अनीती नेमकी येथे आहे. विकणारा एक, घेणारा दुसरा आणि किंमत चुकविणारा तिसरा, अशी स्थिती आली म्हणजे तो व्यवहार कायदेशीर असला तरी न्याय्य राहत नाही. याच संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टूरच्या प्रक्षेपणहक्कांच्या उत्पन्नात भाग घेणाऱ्या संघांना वाटा मिळण्याची पद्धत नाही. ते आपल्या प्रायोजकांच्या बळावर जगतात आणि प्रायोजक गेला की मोडतात. ज्याच्या घामावर खेळ उभा आहे, त्याला मार्ग आखतानाही बोलावले जात नाही आणि वाटणीच्या वेळीही नाही.

देणारा कधी कधी मार्गाबरोबर मार्गावरील शब्दही मागतो. २०१८ ची ‘जिरो दीतालिया’ ही इटलीची शर्यत जेरुसलेममधून सुरू झाली. आदल्या वर्षी मार्ग जाहीर करताना आयोजकांनी ‘पश्चिम जेरुसलेम’ असा उल्लेख केला होता. त्यावर इस्रायलच्या मंत्र्यांनी सहभाग काढून घेण्याचा इशारा दिला, आणि ‘पश्चिम’ हा शब्द गळला. त्या शहराविषयी कोणाचे मत काहीही असो. वादग्रस्त भूमीविषयीचे एक विधान पैशाच्या दडपणाखाली बदलले गेले, ही गोष्ट उरतेच. सीमावादाची झळ सोसलेल्या घरांना नकाशावरील एका शब्दाचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही.

तर मग असा पैसा नाकारावा, हा सरळ उपाय दिसतो. पण नकाराची किंमतही कोणीतरी भरतच असते, आणि बहुधा जो दुर्बल असतो तो आधी भरतो. ब्रिटनमध्ये २०१४ पासून स्त्रियांसाठी ‘विमेन्स टूर’ ही टप्प्यांची शर्यत होत असे. २०१८ मध्ये तिच्या बक्षिसांची रक्कम पुरुषांच्या शर्यतीइतकी करण्यात आली, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. वाढता खर्च आणि प्रायोजकांचा अभाव यांमुळे २०२३ ची शर्यत रद्द करावी लागली. लोकवर्गणीचा प्रयत्नही पुरा पडला नाही. २०२४ च्या आरंभी आयोजक संस्थाच बुडाली आणि राष्ट्रीय सायकल संघटनेला पुढे यावे लागले. अमेरिकेतील ‘टूर ऑफ कॅलिफोर्निया’ २०१९ नंतर थांबली. पैसा नाकारून स्वच्छ राहिलेल्या आणि पैसा न मिळाल्याने संपलेल्या शर्यतीचा रस्ता बाहेरून सारखाच रिकामा दिसतो. म्हणूनच दूर उभे राहून शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी थोडे सबुरीने बोलावे, असे आम्हांला वाटते.

हा विषय आता महाराष्ट्राच्याही दाराशी आला आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातून ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली आणि तिच्यासाठी रस्त्यांची कामे हाती घेतली गेली. पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण सारवणे ही आपली रीतच आहे. पण त्याच अंगणात रोज वावरणाऱ्या घरच्या माणसाने, ‘हे आमच्यासाठी कधी सारवले असते?’ असे विचारले, तर त्यालाही उत्तर द्यावे लागेल. रस्ता करदात्याचा आहे. शर्यत तो काही तासांपुरता उसना घेते, आणि उसनी घेतलेली वस्तू पूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत परत करणे हा जुना शिष्टाचार आहे. पाहुणा गेल्यावरही तो रस्ता गावच्या विद्यार्थ्याला, दूधवाल्याला, शेतमालाच्या गाडीला नीट उपयोगी पडला, तर त्या खर्चाला अर्थ आला असे म्हणता येईल.

या सर्व विवेचनातून आम्ही ज्या निष्कर्षाप्रत येतो तो साधा आहे. देणाऱ्याचे नाव कमानीवर लिहावे, त्याला पुढच्या रांगेत बसवावे, त्याच्या गावावरून जाता येत असेल तर जरूर जावे. हा मान आहे आणि तो खुल्या मनाने द्यावा. परंतु कोणत्याही वळणाचे कारण विचारले असता ते चारचौघांत सांगता आले पाहिजे, आणि त्या वळणाचा भार ज्याच्या पायांवर पडणार आहे त्याला आधी विचारलेले असले पाहिजे. या दोन गोष्टी सांभाळल्या तर पैसा घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. त्या सुटल्या, तर शर्यत असो वा संस्था, ती चालू राहिलेली दिसते, पण कोणाच्या सांगण्यावरून वळते आहे हे तिला स्वतःलाही कळेनासे होते. पुढच्या वर्षीचा कार्यक्रम आखताना आणि देणगीदारांची यादी समोर ठेवताना आपल्याही मंडळांनी एवढा विचार करून पाहण्यास हरकत नसावी.