चालते आहे तोवर

आमच्या शेतात एक जुनी विहीर आहे. पाणी गोड, आणि फाल्गुनापर्यंत पुरणारे. मी लहान असताना तिचा कठडा एका बाजूने ढासळला. वडील दर वर्षी म्हणत, ‘पाणी मिळते आहे ना? मग बघू सुगी झाल्यावर.’ सुग्या आल्या आणि गेल्या. एके संध्याकाळी शेजाऱ्याचे वासरू त्या बाजूने आत पडले आणि मेले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी गवंडी बोलावला. पण त्या रात्री ते जेवले नाहीत. विहिरीने आपल्या कामात कसलीही कसूर केली नव्हती. मग दोष कुणाचा? हा प्रश्न त्या वयात मला पडला आणि तसाच राहिला.

तो मला पुन्हा भेटला २०२५ साली, शाळेच्या संगणकखोलीत. मी औंढा नागनाथ तालुक्यातील एका खेड्यात चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण दहावीपुढे फारसे गेले नाही. संगणकखोली माझ्याकडे आली ती ज्ञानामुळे नव्हे. किल्ली कुणाजवळ तरी असायला हवी म्हणून. खोलीत अकरा यंत्रे, सारी कुणी तरी वापरून दिलेली. सगळ्यांवर ‘विंडोज १०’ ही प्रणाली. ती २९ जुलै २०१५ रोजी निघाली होती, आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिची मोफत देखभाल थांबेल असे मायक्रोसॉफ्टने कितीतरी आधी सांगून ठेवले होते.

देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडले असे नव्हे, आणि सारी फसगत इथेच आहे. त्या दिवशीही पडदा उजळतो, अक्षरे उमटतात, मुले चित्रे काढतात. थांबते ती डागडुजी. प्रणालीत सापडलेल्या फटी बुजवणारी दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येत असे. ती यापुढे यायची नाही. उलट नव्या प्रणालीची दुरुस्ती पाहून जुनीतली तशीच फट कुठे असेल याचा अंदाज चोराला बांधता येतो. थोडक्यात, पाणी तेच, गोडी तीच. फक्त कठड्याचा गवंडी सांगून गेलेला असतो की मी आता येणार नाही.

‘विंडोज ११’ फुकट मिळत होती. पण तिला अलीकडचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते. आमच्या अकरांपैकी एकच यंत्र त्या कसोटीला उतरले. मला प्रथम संताप आला तो करणाऱ्यांचा. धडधाकट यंत्राला म्हातारे ठरवण्याचा अधिकार यांना कुणी दिला? आजही मला तो संताप सर्वस्वी खोटा वाटत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला ही केवळ खरेदी असते. ज्याच्याजवळ नाही त्याला ती शिक्षा होते. पण न्यायाने बोलायचे तर दहा वर्षे शब्द पाळून, तो कधी संपेल हेही ज्याने आधी सांगितले, त्याला विश्वासघातकी कसे म्हणावे? शाळांना तर मुदतवाढही विकत मिळत होती: यंत्रामागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. त्यासाठी लागणारा परवान्याचा व्यवहार आम्हांला जमला नाही. जमला असता तर कदाचित मी तीन वर्षे स्वस्थ झोपलो असतो. मुदत मिळाली की माणूस तयारी करीत नाही, पुढच्या मुदतीची वाट पाहतो.

मी स्वतः काय केले? जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत वडिलांचेच वाक्य म्हटले: ‘चालते आहे ना!’ मग एके दुपारी सातवीतल्या एका मुलीने विचारले, ‘सर, या डब्यात आमचं काय काय आहे?’ मी उघडून पाहिले. शिष्यवृत्तीच्या याद्या होत्या. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, आयांची बँकखाती. त्यांपैकी कित्येकींनी हळदीच्या शेतात मजुरी करून ती खाती उघडली होती. माझा सगळा हिशेब यंत्राचा चालला होता. यंत्रात कोण राहते हे मी पाहिलेच नव्हते.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू जगभर पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ती फट बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती लावली नाही आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती तेव्हा मिळतच नव्हती, ते सापडले. त्या यंत्रांपुढे बसणारेही आदल्या दिवशी ‘चालते आहे’ असेच म्हणत असतील. भोगले ते मात्र खाटेवरच्या रोग्यांनी.

आपल्या मराठवाड्यालाही हा अनुभव नवा नाही. मोडी लिपी व्यवहारातून गेली, निजामाचे राज्य गेले, उर्दू दप्तरे बासनात गेली. त्या कागदांवर पुढे कुणाचे काय अवलंबून राहील याची मोजदाद फारशी कुणी केली नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. कागद शाबूत होते. वाचणारे विरळ झाले होते.

म्हणून मला वाटते, ‘चालते आहे’ हे उत्तर माणसाने फक्त स्वतःपुरते द्यावे. ज्या वस्तूच्या आधाराने दुसरे कुणी उभे आहे, तिच्याबद्दल ते उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि तयारी म्हणजे नवी वस्तू घेणे नव्हे. आपल्या भरवशावर कोण कोण आहे, ते एकेक करून मोजणे.

मोजल्यावर काम अवघड राहिले नाही. याद्या एका जागी काढून घेतल्या आणि बाकीच्या यंत्रांवरून पुसल्या. सक्षम यंत्रावर नवी प्रणाली चढवली. चार यंत्रांवर ‘लिनक्स मिंट २२’ ही मुक्त प्रणाली घातली. केरळच्या सरकारी शाळा मुक्त प्रणालींवर कितीतरी वर्षे शिकवीत आल्या आहेत. उरलेल्या सहांची इंटरनेटची तार काढली. त्यांवर मुले आता चित्रे काढतात.

परंतु ‘मिंट २२’ची देखभालही २०२९ पर्यंतच आहे. खोलीच्या दारावर मी तैलरंगात तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. मुलांनी विचारले, ‘सर, हे काय?’ मी म्हटले, ‘कठडा कधी पाहायचा, त्याचे साल.’ तेव्हा ही किल्ली माझ्याजवळ असेल की नाही कोण जाणे. ज्याच्याजवळ असेल त्याने सुगीची वाट पाहू नये, एवढ्याचसाठी तो आकडा तिथे आहे.